अंगठ्याच्या पुढे

रेकॉर्डर कुणालाही वाजतो, आणि त्याची सगळी पंचाईत तिथूनच सुरू होते. बासरी शिकायला बसलेल्या मुलाला पहिले कित्येक दिवस नुसती फुसफुस ऐकू येते. व्हायोलिन शिकणाऱ्याच्या घरचे महिना-दोन महिने दातओठ खाऊन सहन करतात. सतारीची तार बोट कापते. रेकॉर्डरचं तसं काहीच नाही. चोच ओठांत धरली, फुंकलं, की सूर आला. सहा वर्षांच्या पोराला येतो, शेजारी बसलेल्या आजोबांनाही येतो. मग हे वाद्य सोपं आहे असं सगळ्यांचं मत होतं. सोपं म्हणून ते लहान मुलांचं ठरतं, आणि लहान मुलांचं ठरलं की पाचवी-सहावीत गेल्यावर ते माळ्यावर टाकायचं असतं हेही न बोलता ठरून जातं. माझी तक्रार या हिशेबाबद्दल आहे, आणि हे पुस्तक त्या तक्रारीपोटी लिहिलेलं आहे.

टेपरेकॉर्डरशी नावापलीकडे काही संबंध नसलेलं हे वाद्य म्हणजे उभी धरायची, चोचीची बासरी. पुढे सात भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. मुलांच्या हातात असतो तो सोप्रानो, ज्याला इंग्लंडमध्ये डेस्कंट म्हणतात. जेमतेम फूटभर लांब, सुटे होणारे दोन-तीन तुकडे, बहुतेक वेळा साईच्या रंगाचं प्लॅस्टिक. मराठी घरांत तो हल्ली दोन वाटांनी येतो. लंडनला, श्टुटगार्टला, आइंडहोवनला किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या घरांत मूल एक दिवस शाळेतून कापडी पिशवीत घालून घेऊन येतं. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत तिसरी-चौथीच्या वर्गात ‘रेकॉर्डर कराटे’ नावाचा प्रकार चालतो. एकेक गाणं बिनचूक वाजवलं की रेकॉर्डरला एकेक रंगीत दोरा बांधायला मिळतो, पांढऱ्यापासून सुरुवात आणि शेवटी काळा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना त्या दोऱ्यांचं काय वेड असतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल. दुसरी वाट इथली, म्हणजे पुण्या-मुंबईतल्या ज्या शाळांत पाश्चात्त्य संगीत शिकवतात तिथली, किंवा ट्रिनिटी आणि एबीआरएसएमच्या संगीत परीक्षांना बसणाऱ्या मुलांची. दोन्ही ठिकाणी आईवडिलांचा प्रश्न एकच असतो, ‘हे खरं वाद्य आहे का?’ शब्द वेगळे असतात, पण ‘पुढे काय वाजवणार?’ याचा अर्थही तोच.

या प्रश्नाचं उत्तर सांगायला मला शेक्सपिअर बरा वाटतो. ‘हॅम्लेट’च्या तिसऱ्या अंकात नाटकवाले रेकॉर्डर घेऊन येतात. हॅम्लेट एक वाद्य हातात घेतो आणि आपल्यावर पाळत ठेवायला आलेल्या गिल्डनस्टर्नला ते वाजवायला सांगतो. मला येत नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणतो. त्यात काय आहे, भोकांवर बोटं ठेवायची आणि फुंकायचं, असं हॅम्लेट त्याला ऐकवतो. गिल्डनस्टर्नचं उत्तर असं, की त्यातून मेळ साधणारं संगीत काढण्याचं कसब माझ्या अंगी नाही. हॅम्लेटला अर्थात राजकारणाचं बोलायचं आहे, एवढीशी नळी वाजवता येत नाही आणि मला वाजवायला निघालास, हा त्याचा टोला. नाटक हॅम्लेटचं आहे हे खरं, पण वाद्य शिकवणारी बाई म्हणून मी गिल्डनस्टर्नच्या बाजूची आहे. तो खोटारडा असेल, रेकॉर्डरबद्दल मात्र खरं बोलला.

तो खरं का बोलला, हे वाद्याच्या चोचीत पाहिलं की कळतं. आडव्या बासरीत हवेची धार वळवण्याचं काम ओठ करतात. रेकॉर्डरमध्ये ते काम कारागिरानं आधीच करून ठेवलेलं असतं. चोचीत एक ठोकळा बसवलेला असतो. लाकडी रेकॉर्डरमध्ये तो बहुधा देवदारासारख्या लाकडाचा, कारण ते ओल शोषतं. ठोकळा आणि नळी यांच्यामध्ये एक अरुंद फट राहते. त्या फटीतून हवेची पातळ पट्टी निघते आणि समोरच्या चौकोनी खिडकीच्या धारदार कडेवर जाऊन आदळते. ती कडेच्या एकदा वर, एकदा खाली अशी झपाट्यानं हलते, आणि नळीतल्या हवेला कंप सुटतो. आपल्याकडचं अलगूज याच जातीचं आहे, आणि जत्रेत मिळणारी, तोंडात धरून वाजवायची बांबूची बासरीही. म्हणजे मराठी मुलाच्या हातात आलेली ही गोष्ट तत्त्वानं ओळखीची आहे. नवीन आहे ती बारकाई. ती फट किती उंच, किती वक्र, कडा कुठवर घासायची, आतली पोकळी खाली जाताना किती निमुळती करायची, यावर युरोपातल्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या डोकं लावलेलं आहे.

आता ओठांचं काम काढून घेतलं याची किंमत कुठे मोजावी लागते? श्वासात. बासरीवाला सूर चढला तर ओठ किंवा मान किंचित वळवून तो उतरवतो. रेकॉर्डरवाल्याला ती सोय नाही. जोरात फुंकलं की सूर चढतो, हळू फुंकलं की उतरतो. प्रत्येक सुराचा आपला असा एक दाब असतो. खालच्या सुरांना थोडका श्वास, वरच्यांना त्याहून जास्त, आणि तो ओळखायचा कानानं. एका वर्गात तीस मुलं तीस दाबांनी फुंकतात तेव्हा एकाच सुराचे तीस तुकडे कानावर आदळतात. त्या कोलाहलाला लोक ‘रेकॉर्डरचा आवाज’ म्हणतात. तो रेकॉर्डरचा नसतो, तीस मुलांना एकदम शिकवण्याचा असतो. तीस व्हायोलिनं दिली असती तर शाळेचं छप्पर उडालं असतं, पण तीस व्हायोलिनं कुणी देत नाही, कारण ती महाग असतात. स्वस्ताईचा असाही एक शाप आहे.

पहिले तीन सूर डाव्या हाताचे. मूल डावखुरं असो वा उजवं, डावा हात वर, उजवा खाली. शाळेच्या वाद्यांची खालची जोडभोकं त्याच हिशेबानं पाडलेली असतात. डाव्या अंगठ्यानं मागचं भोक झाकायचं आणि तर्जनीनं पुढचं पहिलं, म्हणजे बी वाजतो. मधलं बोट ठेवलं की ए, अनामिका ठेवली की जी. जगभरातली बहुतेक रेकॉर्डरची पुस्तकं बी-ए-जीपासून सुरू होतात, हे पुस्तकही त्यांच्याच वाटेनं जातं. फरक एवढाच की मी मुलांना जी हा ‘सा’ धरायला सांगते. हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत पांढरी पाच. मग हे तीन सूर ग, रे, सा होतात, आणि ज्या मुलानं घरात कुणाला अलंकार घोकताना ऐकलंय त्याला आपण कुठे उभे आहोत हे चटकन कळतं.

या तीन सुरांवर घाई करू नये. इथेच बहुतेक गोष्टी बिघडतात आणि इथेच त्या दुरुस्त करता येतात. किंचाळी फुटते त्याची कारणं दोनच, बोटाखालून हवा निसटते किंवा श्वास जास्त झालेला असतो. कोणतं कारण आहे ते ओळखायची एक युक्ती आहे. वाजवून झालं की मुलाला हात उलटा करून बोटांची पेरं दाखवायला सांगा. भोकाची कड कातडीवर उमटलेली दिसते. वर्तुळ पूर्ण असेल तर भोक नीट झाकलं गेलं होतं. चंद्रकोर दिसली तर बोट एका बाजूला सरकलेलं आहे, आणि कोर कोणत्या बाजूला अर्धवट राहिली त्यावरून बोट कुठे हलवायचं तेही कळतं. लहान मुलांची अनामिका हमखास चंद्रकोर दाखवते, कारण ते बोट आखूड पडतं आणि मूल मनगट मुरडून ते पोचवू पाहतं. मनगट सरळ करा, कोपर अंगापासून थोडं सुटं ठेवा, कोर भरते. जोर मात्र लावू द्यायचा नाही. ठसा गडद लाल असेल तर मूल वाद्याचा गळा दाबतंय असं समजावं.

श्वासाचं दुसरं कारण असेल तर मी चष्म्याची काच पुसताना तिच्यावर हाऽ करतो तेवढाच श्वास सोडायला सांगते. मुलांना हे लगेच जमतं. मोठ्यांना वेळ लागतो, कारण त्यांनी वाढदिवसाच्या मेणबत्त्या जास्त विझवलेल्या असतात. आणखी एक घरगुती अडचण म्हणजे थुंकी, असं मुलं म्हणतात खरं, पण तिच्यातलं बरंचसं उष्ण श्वासाचं थंड नळीत झालेलं पाणी असतं. फटीत थेंब बसला की आवाज बसका येतो. वाजवण्याआधी चोचीचा तुकडा काही मिनिटं काखेत धरून गरम करायचा, ही शेकडो वर्षांची परंपरा नसली तरी जगभरच्या वादकांची सवय आहे. पुण्याच्या डिसेंबरात तिची गरज पडते, कोकणात क्वचितच. तरीही पाणी अडकलंच तर खिडकीवर बोट धरून एकदा जोरात फुंकायचं. बोट कडेला लागू द्यायचं नाही. त्या कडेला एकदा चरा पडला की वाद्य गेलं.

जिभेबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे मराठी मुलाच्या पदरात आधीच काहीतरी असतं आणि ते कुणी त्याला सांगत नाही. रेकॉर्डरवर प्रत्येक सुराची सुरुवात जीभ करते. श्वास वाहता ठेवायचा आणि त्याच्या वाटेत जिभेनं क्षणभर दार लावून उघडायचं. इंग्रजी पुस्तकं ‘टू टू’ म्हणायला सांगतात. आपलं मूल ते वाचून मूर्धन्य ट म्हणतं, जीभ टाळूकडे वळते आणि सूर ठोकून फुटल्यासारखा येतो. ट सोडून द्या. दातांमागचा त घ्या, आणि बहुतेक ठिकाणी त्याहूनही मऊ द. एवढ्यानं अर्धा कर्कशपणा जातो.

१५३५ साली व्हेनिसमध्ये सिल्वेस्त्रो गनास्सी या वादकानं ‘फोंतेगारा’ नावाचं पुस्तक छापलं. तो व्हेनिसच्या सत्ताधीशाच्या, म्हणजे डोजच्या पदरी होता, आणि त्याचं हे पुस्तक केवळ रेकॉर्डरला वाहिलेलं पहिलं छापील पुस्तक मानलं जातं. सुरुवातीलाच तो सांगतो की सगळी वाद्यं माणसाच्या आवाजापुढे उणी आहेत, म्हणून वाद्यानं आवाजाची नक्कल करायची. मग तो जिभेचे बोल देतो. कडक हवे तर तेके तेके, मध्यम हवे तर तेरे तेरे, मऊ हवे तर लेरे लेरे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तबल्याच्या क्लासबाहेर उभी असल्यासारखं वाटलं. तिरकिट म्हणून ज्याची जीभ सरावली आहे त्या मुलाला गनास्सीच्या बोलांची वेगळी शिकवणी लागत नाही. तबल्याचे बोल तोंडानं म्हणून हातानं वाजवायचे असतात, हे बोल तोंडातल्या तोंडात म्हणून त्यांच्यावरून श्वास सोडायचा असतो. पण जिभेचं टोक आणि मागचा भाग आळीपाळीनं वापरला तर वेग मिळतो, हे गणित दोन्हीकडे सारखं आहे. माझ्या पुस्तकातला तिसरा भाग सगळा या बोलांवर आहे. युरोपातल्या मुलांना त्याला वेळ लागतो, आपल्या मुलांना तो खेळ वाटतो.

वाद्याचा इतिहास इथे थोडक्यात सांगते. हॉलंडमध्ये डोर्ड्रेख्टजवळच्या एका पडक्या गढीच्या खंदकात सापडलेला रेकॉर्डर चौदाव्या-पंधराव्या शतकातला आहे. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री १५४७ मध्ये वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत शहात्तर रेकॉर्डर निघाले. रोजनिशीमुळे प्रसिद्ध झालेला सॅम्युएल पीप्स १६६८ च्या फेब्रुवारीत एका नाटकातलं सुषिर वाद्यांचं संगीत ऐकून इतका वेडावला की एप्रिलमध्ये जाऊन रेकॉर्डर विकत घेऊन आला, आणि तेव्हा तो पस्तिशीचा, बायको असलेला सरकारी अधिकारी होता. बाखनं १७२१ मध्ये अर्पण केलेल्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोंपैकी दुसऱ्यात एक आणि चौथ्यात दोन रेकॉर्डर आहेत. हँडल आणि टेलेमान यांनी रेकॉर्डरसाठी सोनाटे लिहिले. यातलं काहीही लहान मुलांसाठी नव्हतं. पुढे वाद्यवृंद मोठे झाले, सभागृहं मोठी झाली, आडव्या बासरीला हळू-मोठ्यानं वाजण्याची सोय होती, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रेकॉर्डर मागे पडून जवळजवळ विसरला गेला.

तो परत आला त्याची गोष्ट मात्र मला घाईनं सांगवत नाही. आर्नोल्ड डॉल्मेच हा फ्रान्समध्ये जन्मलेला, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला कारागीर आणि वादक. जुनी वाद्यं दुरुस्त करणं, ती वाजवणं आणि जुनं संगीत लोकांना ऐकवणं हेच त्याचं आयुष्य. १९०५ मध्ये लंडनच्या एका लिलावात त्यानं दोन पौंडांना ब्रेसां या जुन्या नामांकित कारागिराचा रेकॉर्डर घेतला. १९१९ मध्ये डॉल्मेच कुटुंब वॉटर्लू स्टेशनवर गाडीची धावपळ करत होतं, आणि वाद्यांची पिशवी फलाटावर राहिली. पिशवी सांभाळायचं काम धाकट्या कार्लकडे होतं. तो सात वर्षांचा होता. वाद्य गेलं. बापानं मग आपल्या मोजमापांवरून नवा रेकॉर्डर बनवायला घेतला, आणि तो जमल्यावर आणखी बनवले. सरे परगण्यातल्या हॅझल्मिअर गावी त्यानं १९२५ पासून जुन्या संगीताचा महोत्सव भरवला. ब्रेसांचा रेकॉर्डर पुढे एका जुन्यापान्याच्या दुकानात सापडला आणि घरी परत आला, पण तोवर त्याची गरज उरली नव्हती. पिशवी विसरणारा कार्ल मोठा होऊन रेकॉर्डरचा नामांकित वादक झाला. १९३७ मध्ये त्यानं आणि एडगर हंट यांनी मिळून रेकॉर्डरवादकांची संस्था काढली, आणि हंट यांनी हे वाद्य इंग्लंडच्या शाळांत न्यायचा ध्यास घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर डॉल्मेच कारखान्यानं बेकेलाइटचे रेकॉर्डर काढले, आणि लाकडाच्या किमतीचा अडसर गेला. शाळेत काही हरवून आलेल्या मुलाला रागवण्याआधी मी या कार्लची आठवण काढते.

हॅझल्मिअरचा महोत्सव सुरू झाला त्याच सुमारास जर्मनीत जे झालं त्याचा तुमच्या खिशाशी थेट संबंध आहे. पेटर हार्लान या कारागिराला एक सूर खटकला. सोप्रानोवर एफ वाजवायचा तर बोटं सलग खाली नेता येत नाहीत. मधलं एक बोट उचलून त्याच्या खालची परत ठेवावी लागतात. मुलांना हे अवघड जातं म्हणून १९२० च्या दशकात त्यानं भोकांची मापं बदलली आणि एफ सलग बोटांवर आणला. याला जर्मन पद्धत म्हणतात, जुन्या पद्धतीला बरोक. एफ सुटला खरा, पण त्याच्या शेजारचा एफ शार्प बिघडला. तो वाजवायला किचकट झाला आणि सुरातही नीट लागेना. आता आपला हिशेब करा. जी हा सा धरला तर शुद्ध नी कोणता? एफ शार्प. म्हणजे मराठी मुलाला जर्मन पद्धतीचा रेकॉर्डर देणं म्हणजे त्याचा निषाद आधीच काढून घेणं. दुकानात विचारलं तर दुकानदार ‘दोन्ही सारखेच’ म्हणेल. तुम्ही भोकं पाहा. पुढची भोकं वरून मोजत या. पाचवं भोक चौथ्याहून लहान दिसलं तर तो जर्मन, तो घेऊ नका. यामाहाच्या प्लॅस्टिकच्या वाद्यांत वायआरएस-२३ हा जर्मन आणि वायआरएस-२४बी हा बरोक. एका आकड्याचा फरक आहे, तेवढ्यावर लक्ष ठेवा. शाळेनं जर्मन दिला असेल तर भांडू नका, घरी दुसरा घेऊन ठेवा. प्लॅस्टिकचा चांगला सोप्रानो ही चैनीची वस्तू नाही.

आता आपल्या गाण्याबद्दल. बासरी सोडून हे कशाला, असं मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं. कारण रेकॉर्डर बासरी नाही, आणि त्यानं बासरी व्हायचा प्रयत्न केला की दोघांचीही शोभा होते. बासरीची मोठी भोकं बोट सरकवून मींड घ्यायला आहेत. रेकॉर्डरच्या बारीक भोकांवर अर्धं बोट उचलून सूर वाकवता येतो, पण त्याला मींड म्हणणं म्हणजे भिडस्तपणा. यावर दरबारी वाजवू नये. पण भूप वाजवावा, आणि पहिला भूपच वाजवावा. कारण सरळ आहे. सा पांढरी पाचवर धरला तर भूपातले सा रे ग प ध म्हणजे जी, ए, बी, डी, ई. वर्ज्य आहेत ते म आणि नी, म्हणजे सी आणि एफ शार्प. जे सूर नवशिक्याच्या बोटांना अडवतात तेच भूपाला नको असतात. सा-रे-ग डाव्या हाताच्या तीन बोटांत मिळतात. खालचे प आणि ध उजवा हात आला की मिळतात. वरचा प म्हणजे अंगठा उचलून, तर्जनीही उचलून, एकट्या मधल्या बोटावरचा डी. मूल हसत हसत तिथवर जातं. मग वरचा ध येतो, आणि तिथे सगळे थांबतात.

त्या धैवताला अंगठा लागतो. नुसता झाकायचाही नाही, उचलायचाही नाही. किंचित मुडपून नखाच्या कडेनं मागच्या भोकाची केसाएवढी फट उघडी ठेवायची. ती फट मिळाली की नळीतली हवा वरच्या सप्तकात उडी घेते. फट जास्त झाली की घोगरं फिसकारतं, कमी झाली की खालचाच सूर येतो. याला मोजपट्टी नाही, कानानं शोधावं लागतं, आणि प्रत्येक वाद्याची फट वेगळी असते. रेकॉर्डर इथवर सोपा असतो आणि इथून पुढे वाद्य होतो. आणि अगदी इथेच, दहा-अकराव्या वर्षी, शाळा रेकॉर्डर सोडून देते. कुणी क्लॅरिनेटकडे जातं, कुणी गिटारकडे. इंग्लंडमधल्या पुष्कळ वर्गांत तर अलीकडे सुरुवातच युकुलेलेवर होते. मुलानं चार गाणी वाजवली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दाराशी पोचलेलं मूल दारातूनच परत आलं. माझ्या मते रेकॉर्डरवरचा सगळ्यात मोठा अन्याय हा आहे. या पुस्तकाचा चौथा भाग जाणूनबुजून लांब ठेवला आहे आणि त्यात अंगठ्याशिवाय काहीही नाही. कंटाळवाणा आहे. सोडू नका.

तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाचा हात मोठा झाला की आल्टो द्यावा. इंग्लंडमध्ये त्याला ट्रेबल म्हणतात. बाख आणि हँडल यांनी लिहिलं ते मुख्यतः या वाद्यासाठी. बोटं तीच, पण सगळी भोकं झाकली की सोप्रानोवर सी वाजतो आणि आल्टोवर त्याच्या खालचा एफ. ज्यांना एका बोटाला एकच नाव शिकवलं आहे त्या मुलांचा इथे महिनाभर गोंधळ होतो, ओळखीचं बोट आणि अनोळखी नाव. आपल्या मुलाला मी एवढंच सांगते, की पट्टी बदलली. सगळी भोकं झाकली की पांढरी एक होती, आता खालची पांढरी चार. ज्याचा सा हलतो त्याला यात नवल काय? मी स्वतः रेकॉर्डर घेतला तो याच वयात, हार्मोनियम आधी वाजवत होते म्हणून, आणि थेट आल्टोवरच. कदाचित त्यामुळे हे वाद्य लहान मुलांचं असतं हे मला फार उशिरा कळलं.

या वयाच्या मुलांना ऐकवायला काय ठेवावं? हॉलंडचा फ्रान्स ब्रुगेन. विसाव्या शतकात रेकॉर्डरला सभागृहाच्या मंचावर नेऊन बसवणाऱ्यांत तो अग्रणी, आणि लुचानो बेरिओनं १९६६ मध्ये त्याच्यासाठी लिहिलेली ‘जेस्ती’ ऐकली की रेकॉर्डर गोड असतो हा समज कायमचा जातो. डेन्मार्कची मिकाला पेत्री, जिनं तिसऱ्या वर्षी सुरुवात केली. अॅमस्टरडॅमची लुसी हॉर्श, जिचं लहानपणीचं दूरदर्शनवरचं वादन देशभर गाजलं. २०१२ मध्ये बीबीसीच्या तरुण वादकांच्या स्पर्धेत शार्लट बार्बर-कोंदिनी ही अंतिम फेरीत पोचलेली पहिली रेकॉर्डरवादक ठरली, आणि तीही शाळकरी वयातली. ज्यांना हे सगळं फार सोज्वळ वाटेल त्यांच्यासाठी बीटल्सचं ‘द फूल ऑन द हिल’ आणि लेड झेपलिनचं ‘स्टेअरवे टू हेवन’ आहेच, दोन्हींत रेकॉर्डर आहे. एका मुलानं ते ऐकल्यावर माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं होतं.

बेंजामिन ब्रिटनचं ‘नोआज फ्लड’ मात्र अख्खं ऐकावं. १९५८ मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या ऑर्फर्ड गावच्या चर्चमध्ये ते पहिल्यांदा झालं. नोहाची नाव, जलप्रलय, प्राण्यांच्या जोड्या. त्यातल्या बहुतेक भूमिका मुलांच्या, आणि वाद्यवृंदातही व्यावसायिक वादकांच्या बरोबरीनं शाळेची मुलं बसवलेली. नोहा पाणी ओसरलं का पाहायला कबुतर सोडतो, तेव्हा त्या कबुतराची फडफड आल्टो रेकॉर्डर वाजवतो, जीभ थरथरवत. मुलांना काहीतरी सोपं द्यायचं म्हणून ब्रिटननं ते लिहिलेलं नाही. त्याला तिथे रेकॉर्डरच हवा होता.

पुस्तकाच्या रचनेबद्दल दोन शब्द. पहिल्या तीन भागांत सरगम आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शेजारी शेजारी दिलं आहे, चौथ्यापासून सरगम हळूहळू काढून घेतली आहे. परीक्षेला बसणाऱ्यांना पाच रेघांवर वाचता आलंच पाहिजे. याकोब व्हान आइकची काही गाणी सहाव्या भागात घेतली आहेत. हा युट्रेख्टचा आंधळा घंटावादक. सतराव्या शतकात तो तिथल्या एका चर्चच्या आवारात संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी आपली छोटी बासरी वाजवायचा, आणि १६४९ मध्ये त्याचा पगार वाढवताना तशी अटच घातली गेली. ओळखीचं गाणं घ्यायचं आणि दर फेरीला स्वर दुप्पट करत न्यायचं, ही त्याची रीत. दुगुन-चौगुन माहीत असलेल्या मुलाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

शेवटचा भाग दोघांनी वाजवायचा आहे, आणि तो एकट्यानं वाजवून उपयोग नाही. रेकॉर्डर मुळात घोळक्याचं वाद्य आहे. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असा त्याचा गोतावळा असतो, आणि हेन्रीनं शहात्तर काही एकट्यासाठी जमवले नसणार. तेव्हा आईबाबांपैकी एकानं दुसरा सोप्रानो विकत घ्यावा. खालची ओळ मुद्दाम सोपी लिहिली आहे, तिच्यात वरच्या सप्तकातला एकही सूर नाही, अंगठा मुडपावा लागत नाही. वरची ओळ मुलाची. त्याला वाट पाहायला लावू नका, पहिल्या आठवड्यात तुम्हीच मागे पडाल.